बिनवायरचा करंट

करंट लागला तेव्हा माझ्या हातात वायर नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर ज्याला ज्याला सांगितलं त्यानं पहिला प्रश्न हाच केला, की वायर उघडी होती का. वायरच नव्हती. बंदुकीला मागून एक हवेची नळी आणि एक रंगाची नळी, बस्स. पुण्याहून आलेल्या इंजिनिअर साहेबांनी सकाळी ती खोक्यातून बाहेर काढली तेव्हा मी सवयीनं प्लग शोधला, आणि ते हसले. म्हणाले, हिला बाहेरची वीज लागत नाही, ही आपली वीज आपणच करते. पोटात बोटाएवढा पंखा आहे, तो हवेनं फिरतो, त्यातून करंट तयार होतो, तो रंगाला लागतो आणि रंगाचा कण न् कण लोखंडाकडे ओढला जातो. समोरून मारला तरी वळून मागच्या बाजूला जाऊन बसतो. मी बावीस वर्षं जळगावच्या ह्या कारखान्यात दवाखान्याच्या खाटा आणि कपाटं रंगवतो आहे. रंग सरळ जातो, वळावं माणसाला लागतं, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. खाटेच्या पाइपाची मागची बाजू रंगवायची तर आपण उठून मागे जायचं. आता रंगच मागे जाणार असेल तर मी कुठे जायचं, असा एक फालतू विचार तेव्हा मनात आला, आणि मी बंदूक हातात घेतली. वजनाला चांगली होती. पहिला फवारा मारला, आणि खरोखर, धुराचा लोट जसा चिमणीत ओढला जातो तसा तो निळा रंग पाइपाभोवती ओढला गेला. मी तोंडावरचं फडकं खाली करून पाहत राहिलो. मग खाट फिरवायला पुढे सरकलो, आणि माझं कोपर वरच्या लोखंडी दांड्याला लागलं. टच्च झालं. ठिणगी मी पाहिली. कोपरापासून दातापर्यंत एक सणक गेली, आणि त्याच क्षणी, कसा कोण जाणे, कॉम्प्रेसर टाकी भरून आपोआप बंद झाला, आणि त्या शांततेत साहेब ओरडले, “बूट काढा! आधी बूट काढा!”

अकरा माणसं होती तिथे. घासकाम करणारे, वेल्डिंगचे, हिशेबाचा कारकूनसुद्धा नवं यंत्र बघायला आला होता. सगळ्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. माझ्या पायांत नवे बूट होते, पोरीनं आणलेले. पुष्पा सावद्याच्या शाळेत शिक्षिका लागली, पहिल्या पगारात आईला लुगडं आणि मला बूट. जाड रबरी तळाचे, काळे, फूटभर उंचीवरून काही जड पडलं तरी पायाला लागू नये असे. मी काढले नाहीत. साहेब जवळ आले, आवाज खाली आणून म्हणाले, “तुम्हाला अर्थ नाही, म्हणून झटका बसला. खोलीत थिनर भरलंय, ठिणगी पडली तर सगळे जाऊ. बूट काढा, जमिनीवर उभे राहा.” आता ह्यात चुकीचं काय होतं? विजेच्या कामात अर्थ म्हणजे जमिनीत गेलेली तार, हे मला कळत नाही असं नाही. घरच्या पाण्याच्या मोटारीला मीच अर्थ दिलेला आहे. पण वाक्य आपल्या कानात शिरतं तेव्हा ते दाराशी चपला काढून शिरत नाही, सगळा चिखल घेऊन शिरतं. तुम्हाला अर्थ नाही. बूट काढा. जमिनीवर उभे राहा. मला राग आला. नुसता राग नाही, लाज वाटली, आणि लाज का वाटावी ह्याचा पुन्हा राग आला. साहेब घाबरले होते हेही मला दिसत होतं, वरचा ओठ घामानं भिजला होता. मी बंदूक नीट तिच्या खुंटीला अडकवली, हवा बंद केली, फडकं घडी करून खिशात घातलं आणि बूट घालूनच बाहेर पडलो.

गेटपर्यंत छगन मागे धावत आला. छगन माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, पारोळ्याकडचा, आम्ही एकाच महिन्यात कामाला लागलो. तो घासतो, मी रंगवतो. “सुकदेवभाऊ, कोठे चालना?” मी म्हटलं, धुळ्याला, आबांकडे. ते तोंडातून गेलं तेव्हाच मला कळलं की मी धुळ्याला चाललो आहे. तो म्हणाला, “साहेब उद्या दुपारले चालना जाई. मालकनी सांगेल शे, सकायले जो शिकी त्याना हातमा बंदूक. मंग आपली जुनी बंदूक बंद. तू नही उना तं माले उभं करतीन. माले कोठे तुनासारखा हात शे?” मग माझ्या बुटांकडे बघून म्हणाला, “बूटच ते. काढीसन ठेव ना बाजूले. मी तं जलमभर अनवानीच शे.” त्याच्या मनात काही नव्हतं, ते मला माहीत आहे. छगनच्या घरी पाच एकर कापूस आहे, घरापुढे बापाचा बसायचा वट्टा आहे, त्याच्या आज्याला कुणी जोडा काढ म्हटलं नाही. अनवाणी राहायलासुद्धा मागे काहीतरी असावं लागतं. हे मी त्याला सांगितलं नाही. येतो म्हटलं आणि गेटाबाहेर आलो.

एसटीत खिडकी मिळाली. उन्हाळा सरत आला होता, एरंडोलपर्यंत शेतं नांगरून उघडी पडलेली. मी कोपर चोळत बसलो. कोपराला काही झालं नव्हतं, पण तिथे एक मुंगी बसल्यासारखी वाटत होती आणि बघितलं तर नव्हती. मी स्वतःला समजावायला लागलो. की बाबा, विजेला जात नसते. हवा पंख्यावर आदळते, पंखा फिरतो, करंट होतो, तो रंगाला लागतो, थोडा तुला लागतो. रंगाचा जो लोखंडात गेला तो खाटेतून, हूकमधून, दांड्यातून जमिनीत उतरला. तुझा जो, त्याला उतरायला वाट नाही, कारण खाली रबर. मग तुझ्यात साठला. साठला आणि कोपरातून निघाला. एवढं साधं आहे, शाळकरी पोराला कळेल. माझं मला पटत होतं. आणि पटलं की लगेच बूट काढा, बूट काढा असा आवाज व्हायचा आणि पटलेलं सगळं सांडून जायचं. मग मी पुन्हा पंख्यापासून सुरुवात करायचो. पारोळा येईपर्यंत मी चार वेळा तो पंखा फिरवला असेल. साहेबांचं आडनाव मी विचारलं नव्हतं. सकाळी कुणीतरी विचारत होतं तेव्हा मी मुद्दाम हूक खरवडायला गेलो होतो. आडनाव कळलं असतं तर अर्थ लगेच लागला असता, आणि तो चुकीचा निघाला असता तर? किंवा बरोबर निघाला असता तर? पोरगा दिसायला बरा होता, अठ्ठावीस-तीसचा, मला सुकदेवराव म्हणत होता. बावीस वर्षांत मला कुणी राव लावलं नव्हतं, तेही मला टोचलंच होतं म्हणा. माणसानं गोड बोलावं तरी पंचाईत आणि ओरडावं तरी पंचाईत, असा मी झालो आहे की काय?

आणि ह्या सगळ्याच्या खाली तो दुसरा आवाज चालू होता, तो तर आयुष्यभर चालूच आहे. टक, टक, टक, आणि मग काही नाही. आमचं मूळ गाव साक्रीकडचं, डोंगराच्या पायथ्याशी. आबा, म्हणजे माझे वडील भिकन, तरुणपणीच धुळ्याच्या गिरणीत लागले आणि पहिल्यांदा पायांत जोडा घातला. देशी चामड्याचा, टाचेला लोखंडी नाल ठोकलेला. माझ्या काकाच्या लग्नाला गावी गेले तेव्हा तोच जोडा घालून मोठ्या गल्लीतून निघाले. गल्लीत दगडी फरशी. माणूस दिसायच्या आधी नाल ऐकू यायची. वट्ट्यावर बसलेल्या कुणीतरी, नाव आमच्या घरात घेत नाहीत, बसल्या जागेवरून म्हटलं, “भिकन, जोडा हातमा ले.” एवढंच. शिवी नाही, हात उगारला नाही. आबांनी जोडा काढून हातात घेतला आणि चाळीस पावलं अनवाणी चालले. वैशाखाची फरशी. दुसऱ्या वर्षी आम्ही बौद्ध झालो, आणि त्या गल्लीत आबा पुन्हा गेले नाहीत. मी तेव्हा सहा वर्षांचा, आबांचं बोट धरून चाललो होतो. मला ती फरशी आठवते, नालेचा आवाज आठवतो, आणि तो थांबल्यावरची शांतता तर फारच आठवते. अनवाणी पायांचा आवाज होत नाही ना, मला वाटलं आबा नाहीतच, मी मान वर करून बघितलं. पायातली वहाण पायातच बरी, ही म्हण मास्तरांनी शाळेत फळ्यावर लिहिली तेव्हा मी तिचा अर्थ सांगायला हात वर केला नव्हता. वर्गात फक्त मलाच तो ठाऊक होता.

धुळ्यात उतरून देवपुरातल्या पांझरा नदीकडच्या गल्लीनं घरी गेलो तेव्हा चार वाजले असतील. आबा लिंबाखाली खाटेवर बसले होते. डोळ्यांत वडस वाढलाय, माणसं त्यांना सावलीसारखी दिसतात, म्हणून ते चालीवरून ओळखतात. मी अगदी खाटेजवळ येईपर्यंत त्यांना कळलं नाही. दचकले. “कोन?” मी म्हटलं, “आबा, मी शे, सुकदेव.” तर म्हणाले, “आवाज कसा येस नही रे तुना पायना? पहिले तुनी चप्पल गल्लीथीन वाजे. आते चोरसारखा येस.” आतून माझी बहीण आली, ताईबाई. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, तिला मी अक्का म्हणतो. नवरा गेल्यापासून तीच आबांना सांभाळते. पाणी दिलं, भाकरी खाशील का विचारलं, आणि कामाच्या दिवशी कसा आलास हे तोंडानं न विचारता उभी राहिली. मग मी सांगितलं. पंख्यापासून सांगितलं, कारण सरळ बुटापासून सांगायची हिंमत होत नव्हती. आबा ऐकत होते. हवेवरची वीज, वळणारा रंग, सगळं त्यांनी मान हलवत ऐकलं, गिरणीत जन्म काढलेला माणूस, यंत्राला घाबरत नाही. शेवटी सगळ्यांसमोरचं ते सांगितलं, “मंग तो माले म्हनना, बूट काढा. बठ्ठासना समोर.”

आबांची मान हलायची थांबली. मला वाटलं आता ते म्हणतील, काढू नको. किंवा म्हणतील, काढ, पोट मोठं आहे. खरं सांगायचं तर ह्या दोहोंपैकी एक ऐकायलाच मी नव्वद किलोमीटर आलो होतो. त्यांनी विचारलं, “त्याना पायमा काय व्हतं?”

“कोना?”

“ज्यानी सांगं त्याना.”

मी आठवायला गेलो. साहेबांचा घामेजलेला ओठ दिसला, खिशातलं पेन दिसलं, उजव्या हाताला घड्याळ दिसलं. कमरेखाली काही नव्हतं. नुसता निळा धूर. “देखं नही, आबा.”

“बठ्ठासनी तुना पाय देखात, आन तुनी त्याना पाय बी नही देखा?” ते चिडले होते. “नियम व्हई तं त्याले बी लागी. नियम नही व्हई तं निस्ता तुलेच लागी. पाय देखाना पहिले.”

मग उगाच, आपण काही अगदीच नालायक नाही हे दाखवायला म्हणावं तसं, म्हणालो की आबा, मला तुमचं ते आठवलं, गल्लीतलं, मी तुमचं बोट धरून होतो. तर अक्का दारातून म्हणाली, “तू तठे व्हता कोठे? तुले गोवर उठना व्हता. मायनी मांडीवर पडेल व्हता तू, लगीन बी नही देखं. आबानं बोट मी धरेल व्हतं.” मी तिच्याकडे पाहिलं. ती चेष्टा करत नव्हती. अडतीस वर्षं मी ती फरशी पायांनी चाललो आहे, मान वर करून बापाकडे पाहिलं आहे. ते जर अक्कानं पाहिलं असेल तर मी काय पाहिलं? माझ्या कानात वाजते ती नाल कुणाच्या कानातली? मी आबांना विचारलं, “आबा, मी व्हतू का तठे? सांगा ना.” आबा हाताने खाटेची नवार चाचपत राहिले. मग म्हणाले, “माले काय मालूम? मी तं खाले देखी ऱ्हायंतू.” आणि थोड्या वेळानं, जणू दुसऱ्याच कुणाला सांगावं तसं, “त्याना पायमा काय व्हतं ते मी बी नही देखं.”

हा प्रश्न त्यांनी माझ्यासाठी तयार केलेला नव्हता तर. तो इतकी वर्षं त्यांच्यापाशी पडून होता, आणि विचारायला माणूस मिळत नव्हता. अक्का आत गेली आणि भांडी वाजवायला लागली. निघताना मी नुसतं विचारायचं म्हणून विचारलं, की त्या जोड्याचं पुढे काय झालं. आबा म्हणाले, झिजला, दुसरं काय, जोडा झिजतोच. मग जरा खुलून म्हणाले, “पन नाल भारी व्हती. पाय टाका का जमीनले समजे, भिकन उना.”

जमिनीला समजायचं. देवपूरचा पूल ओलांडून स्टँडकडे येताना मी हेच वाक्य तोंडात घोळवत होतो, आणि पुलाच्या मध्यावर मी उभा राहिलो. पायाला जमीन कळत नाही कारण मध्ये रबर आहे. रबर काढा असं साहेब म्हणतात. पण रबर काढायचंच कशाला? रबरातून धातू आरपार गेला तर? एक टोक माझ्या तळव्याला, एक टोक फरशीला. मोजे मी घालत नाही. हे मला सकाळी का सुचलं नाही? मोटारीला अर्थ देताना मी काय तिची साल काढली होती? मला इतकं हसू आलं की एक सायकलवाला थांबून बघायला लागला. हसू आणि डोळ्यांत पाणी, धड एकही नाही.

स्टँडबाहेर एक म्हातारा मोची बसतो, चपलांबरोबर रेक्झिनच्या पिशव्याही शिवतो. त्याच्यासमोर मी बूट काढले. काढले, पाय फरशीवर ठेवले, पाय पोळला म्हणून उचलला, पुन्हा ठेवला, आणि मग लक्षात आलं की बूट काढताना मला काही वाटलं नव्हतं. काहीही नाही. तेच बूट, तेच पाय, आजूबाजूला सकाळच्या दहापट माणसं. मग ते सकाळचं काय होतं? बुटात नव्हतं, काढण्यात नव्हतं, त्या शब्दात होतं की माझ्यात? मी असा विचार करत असताना म्हातारा म्हणाला, “भाऊ, नवा बूट शे. छेद कसाले पाडतस?” मी म्हटलं, अर्थ पाहिजे. त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. रोज शंभर गिऱ्हाईकं, त्यात एखादं असं निघायचंच. त्यानं लहान खिळ्यांचा डबा पुढे केला, आमच्याकडे त्यांना चुका म्हणतात. “लोखंडी की पितळी?” मी पितळी म्हटलं. लोखंडी चूक फरशीवर घासली तर ठिणगी टाकते, थिनरच्या खोलीत तेवढी पुरते. पितळ गरीब, ठिणगी टाकत नाही. “किती चुका मारू?” एका पायात चार, मी म्हटलं, दोन्ही मिळून आठ. आयुष्यात एवढ्यावरच भागलं असतं तर किती बरं झालं असतं. “आरपार मारू? टोचतीन भाऊ.” टोचू द्या. त्यानं आतून डोकी ठोकून चपटी केली, जमेल तेवढी, आणि उरलेल्या चुका कागदाच्या पुडीत बांधून दिल्या. म्हणाला, पडल्या तर पुन्हा मारता येतील. मी बूट घातले आणि दोन पावलं चाललो. टक, टक. फार मोठा आवाज नव्हता, पण होता. आणि डाव्या पायाची एक चूक अंगठ्याखाली टोचत होती.

घरी मंदाबाईनं, माझ्या बायकोनं, बुटाचा तळ बघून नुसता कपाळाला हात लावला. पोरीला काय सांगू, म्हणाली. मी म्हटलं, सांग की बापाला अर्थ मिळाला. तिनं भाजी वाढली, तिला माझी सवय आहे.

सकाळी कारखान्यात शिरलो ते मुद्दाम फरशीच्या वाटेनं. टक, टक, टक. पायात टोचत होतं, पण मान ताठ होती, आणि ह्या खेपेला मी ठरवून आलो होतो की आधी पाय बघायचे. खोलीत काहीही असो, साहेब काहीही बोलोत, आधी पाय. बूट असले तर विचारायचं, साहेब, नियम तुम्हाला नाही का? वाक्यसुद्धा एसटीत पाठ केलं होतं, शुद्ध मराठीत. मी रंगाच्या खोलीच्या दारात उभा राहिलो आणि खाली बघितलं. साहेब खोलीच्या मधोमध ओल्या पोत्यावर उभे होते. विजार घोट्यापर्यंत दुमडलेली. पायांत काहीच नव्हतं. गोरे, मऊ पाय, बोटांच्या बेचक्यांत कालचा निळा रंग, आणि उजव्या टाचेला फोड आलेला. शहरातल्या माणसाचे पाय उघडे पडले की इतके पोरके दिसतात हे मला माहीत नव्हतं.

पाठ केलेलं वाक्य गेलं. छगन माझ्या कानाशी लागला आणि हसू दाबत म्हणाला, “तू गया ना काल, मंग साहेब सोता मारीसन दाखाडाले लागना. बूट घालेलच व्हता. असा झटका बसना त्याले, मायनं नाव लिधं! त्याना बी बूट रबरनाच. तवयपासून अनवानी शे बिचारा. बठ्ठी खोली अनवानी फिरना.” म्हणजे काल मला सांगताना त्यांच्या पायांत बूट होते. आबांचा प्रश्न बरोबर होता. आणि आज नव्हते. आबांच्या प्रश्नाला एका दिवसात दोन उत्तरं, आणि दोन्ही खरी. नियम होता म्हणावं तर काल तो त्यांना आठवला नव्हता, फक्त माझ्यासाठी आठवला होता. नियम नव्हता म्हणावं तर विजेनं त्यांनाही सोडलं नव्हतं. साहेबांनी मला पाहिलं आणि पोत्यावरच थोडे अवघडले. “सुकदेवराव, काल मी जे...” एवढं म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, “मलाही अर्थ नव्हता.” ते हसले नाहीत. मला त्यांची कीव आली, राग आला, आपल्या पोराला म्हणावं तसं काहीतरी म्हणावंसं वाटलं, आणि हे सगळं एकदम. एवढा गोंधळ एका छातीत मावतो कसा, देव नव्हे, पण कुणीतरी सांगावं.

मी बंदूक घेतली. छगननं हवा सोडली. साहेब म्हणाले, “बूट...” आणि जीभ चावली. मी पाय उचलून तळ दाखवला. चार पितळी ठिपके. ते वाकले, बोटानं चाचपलं, दुसरं टोक तळव्याला टेकलंय ना ते विचारलं, आणि इंजिनिअर माणूस, त्यांना एका क्षणात कळलं. मी त्या पोत्याचा कोपरा धरून थोडं पाणी फरशीवर पिळलं, त्यात उभा राहिलो आणि फवारा मारला. खाटेचा पाइप निळा होत गेला. मग मी मुद्दाम, सगळ्यांदेखत, कोपर वरच्या लोखंडी दांड्याला टेकवलं. अकरा माणसांनी श्वास धरला होता, आणि मीसुद्धा. काही झालं नाही. फक्त अंगठ्याखालची चूक टोचली, आणि आत कुठेतरी मला बरं वाटलं की ती टोचते आहे. सवयीनं मी खाटेच्या मागे गेलो. मागची बाजू निळी झाली होती, पातळ, एकसारखी, कुठे ओघळ नाही. रंग माझ्या आधी पोचला होता.

साहेब अजून तिथेच उभे, आता पाय एकमेकांवर घासत. आमच्यात आता फक्त तेच अनवाणी होते, कारण छगननंसुद्धा आज कुठूनशा जुन्या चपला घालून आणल्या होत्या. एका पायाच्या बोटांनी ते दुसऱ्या पायाचा रंग काढत होते आणि खाली बघत होते. आबाही असेच खाली बघत चालले असतील, चाळीस पावलं. मला ते बघवेना. “साहेब,” मी म्हटलं, “बूट घाला.” मी खिशातून मोच्याची पुडी काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. “आधी ह्या मारा. आरपार गेल्या पाहिजेत, टोचल्या तर टोचू द्या. इथे नको, बाहेर पायरीवर बसा. हातोडी त्या कपाटात आहे.”

त्यांनी पुडी घेतली, कोपऱ्यातले आपले बूट उचलले, हातोडी घेतली आणि बाहेर गेले. मी दुसरी खाट हूकला लावली. कॉम्प्रेसर भरला आणि बंद पडला, आणि त्या शांततेत बाहेरून आवाज आला, टक, टक, टक, थोडा थांबून पुन्हा टक. दारातून दिसत होते ते, बूट मांडीवर उलटा धरलेला, जीभ ओठांत धरून चुका ठोकणारे, पाय अजून उघडेच. आबांना आता सांगता येईल, त्याच्या पायात काय होतं. आणि हा आवाज मी स्वतःच्या कानांनी ऐकला. ह्या वेळी मला गोवर नव्हता.